आईच्या हातांचा फोटो

आज मोबाइलमधल्या फोटोंबद्दल बोलायचं आहे. आता बहुतेक घरांत मोबाइल आहे, फोटो सगळ्याच काढतो. पण कशाचा काढतो?

मागच्या वर्षी माझी आई गेली. तेरवीसाठी तिचा फोटो हवा होता. आम्ही भावाबहिणींनी सगळे मोबाइल शोधले. लग्नाच्या पंगती सापडल्या, नातवाच्या वाढदिवसाचा केक सापडला, ताडोब्याच्या गेटवर काढलेले आमचे स्वतःचे फोटो सापडले. आई मात्र एकाच फोटोत होती, दाराच्या मागे, अर्धी कापलेली. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. चाळीस वर्षं मोहफुलं वेचली, तेंदूपानाचे पुडे बांधले, गुडघाभर चिखलात रोवणा केला, त्या बाईच्या हातांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

चंद्रपूर म्हटलं की लोकांना वाघ आठवतो. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आज लांबलांबून लोक हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन येतात. वाघाचे फोटो ते काढतील. आपल्या अंगणाचे फोटो काढायला कोणी येणार नाही. ते आपणच काढले पाहिजेत.

होमाई व्यारावाला यांचं नाव सांगते. जन्म १९१३ चा. वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या आपल्या देशातल्या त्या पहिल्या बाई. मोठमोठ्या नेत्यांचे फोटो त्यांनी पुढे काढले, पण सुरुवात केली ती मुंबईतल्या रोजच्या जगण्यापासून. ते पहिले फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते त्यांच्या स्वतःच्या नावानं.

आता आपल्या घरात पाहा. उन्हात वाळत घातलेली मोहफुलं. पहिल्या दिवशी पिवळसर, मग हळूहळू तपकिरी. रोज एकाच जागेवरून एक फोटो काढा, चार दिवसांत गोष्ट तयार होते. ७० पानांचा पुडा बांधणारी बोटं. बांधीत एका ओळीत वाकलेल्या बाया. बोडीच्या पाण्यात पडलेलं आभाळ. सूप, पाटी, चुलीजवळची काळी भिंत.

कसं काढायचं? आधी मोबाइलची काच पदराच्या कोरड्या टोकानं पुसा. भर दुपारी चेहरा काळा येतो, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काढा. घरात अंधार असेल तर माणसाला दाराजवळ, उजेडाकडे तोंड करून बसवा. बोटांनी चित्र मोठं करू नका, दोन पावलं पुढे जा. आणि मागे काय दिसतं ते एकदा पाहून घ्या, नाहीतर डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसतो.

यात्रेलाही हेच. मार्कंड्याला महाशिवरात्रीला गेलो की देवळासमोर उभं राहून आपण स्वतःचा फोटो काढतो. काढा, जरूर काढा. पण वैनगंगेच्या वाळूत वाळत घातलेली लुगडी, तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करणारी बहीण, दमून झोपलेलं पोर, हेही एकदा पाहा. दहा वर्षांनी यात्रा आठवेल ती त्याच फोटोंतून.

एक गोष्ट बजावून सांगते. जंगलात मोहफुलं वेचताना मोबाइल कमरेलाच राहू द्या. खाली वाकलेली, मोबाइलमध्ये डोळे घातलेली बाई वाघ-अस्वल आलेलं पाहत नाही. फोटोपायी मैतरणींपासून मागे राहू नका. मोहफुलं घरी येतात, फोटो अंगणात काढता येतो.

आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. बाहेरचे लोक आपले फोटो न विचारता काढतात तेव्हा आपल्याला कसं वाटतं, आठवा. मी सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "थांब बाई, चांगलं लुगडं नेसून येतो." नेसू दिलं. एक फोटो चांगल्या लुगड्यातला काढला. दुसरा दुसऱ्या दिवशी, मोहफुलं पाखडतानाचा. तो दाखवला तर निरखून पाहत म्हणाल्या, "टोपलीचा काठ उसवला वाटते. बांधून आणा लागते." स्वतःकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तो फोटो मी छापून घेतला. मोबाइल फुटतो, हरवतो. कागद पेटीत राहतो. मागे नाव, गाव आणि तारीख लिहिली.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक फोटो आणा. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या बाईचा, तिचं काम करतानाचा. ज्या घरात मोबाइल नाही, तिथं दुसरीनं जाऊन काढून द्यावा. आणि जी सगळ्यांचे फोटो काढते, तिच्या हातातून मोबाइल घेऊन एक तिचाही काढा.

आमच्या घरी भिंतीवर आईचा तोच आधार कार्डाचा फोटो आहे. तुमच्या आईचा आजच काढा.