जमत नाही की मिळालं नाही?



आमच्या बचत गटातल्या एका ताईची मुलगी तालुक्याला कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागली आणि पंधरा दिवसांत घरी बसली. म्हणाली, "मावशी, बाकीच्यांना सगळं येतं. मलाच जमत नाही." आम्ही चौकशी केली. बाकीच्यांच्या घरी कॉम्प्युटर होता. हिने माउस पहिल्यांदाच हातात धरलेला!

हेच दुखणं अमेरिकेतही होतं. कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या शंभरांत मुली दहाच्या आसपास. २००६ च्या सुमारास तिथल्या शिक्षकांनी पहिला अभ्यासक्रमच बदलला. मुलींसाठी तो सोपा केला नाही, शिकणारा कुठे अडतो ते पाहिलं. आधी शिकून आलेल्यांचा वर्ग वेगळा केला, नवख्यांचा वेगळा. त्यांना 'हुशार' आणि 'कच्चे' म्हटलं नाही, कॉलेजच्या रंगांवरून काळा आणि सोनेरी अशी नावं दिली. जावा ही किचकट भाषा सोडून सुटसुटीत पायथन घेतली. नुसते नियम पाठ करण्याऐवजी विज्ञानातले खरे प्रश्न सोडवायला दिले. वर्गात सारखा एकटाच बोलणारा असेल, तर शिक्षक त्याला बाजूला घेऊन सांगत, "तुझं बोलणं छान आहे, पण आपण ते वर्गाबाहेर बोलू." कारण त्याच्या बोलण्याने बाकीच्यांना वाटायचं, आपणच मागे आहोत.

चार-पाच वर्षांत तिथे शंभरांत चाळीसच्या आसपास मुली झाल्या. मुली त्याच होत्या, शिकवणं बदललं.

आपण तरी लेकीला भाकरी कशी शिकवतो? आधी लहान गोळा देतो. फाटली तर हसत नाही, पीठ पुन्हा मळायला लावतो. रोज थापणारीशी तिची बरोबरी करत नाही.

आम्ही क्लासच्या सरांना भेटलो. नवख्यांसाठी वेगळा तास मागितला. सर म्हणाले, पाच जणी आणा. आम्ही सहा जणी नेल्या. घरी बसलेली ती मुलगी त्यात पहिली होती.

तुमच्या गावातली मुलगी क्लास सोडत असेल, तर तिला रागावू नका. आधी विचारा: नवख्यांचा तास वेगळा आहे का? चुकलं तर कोणी हसतं का? हाताने करून बघायला मिळतं का? मग चार जणी मिळून सरांकडे जा. एकटीचं म्हणणं मागे पडतं, गटाचं ऐकावं लागतं.