अटक झाली, तर कॉन्सुलेटला कोण कळवणार?

हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हटलं की वाटतं, ही देशादेशांची भांडणं, आपला काय संबंध? पण परक्या देशात राहणाऱ्या माणसाचा तिथल्या एका निकालाशी फार जवळचा संबंध आहे.

१९६३ सालच्या व्हिएन्ना करारात ३६ वं कलम आहे. परदेशी नागरिकाला अटक झाली, तर 'तुमच्या देशाच्या वकिलातीला कळवू का?' हे त्याला विनाविलंब सांगायचं, आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटू द्यायचं.

कुलभूषण जाधव हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. नौदलातले हे निवृत्त मराठी अधिकारी २०१६ मध्ये पाकिस्तानच्या ताब्यात गेले. आरोप हेरगिरीचा आणि दहशतवादाचा. भारताने वारंवार भेट मागितली, ती मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारत ८ मे रोजी हेगला गेला आणि १८ मे रोजी आदेश आला: अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नका. दहा दिवसांत! आपल्याकडच्या तारखांची सवय असलेल्यांना हे खरं वाटणार नाही. भारताची बाजू मांडली नागपूरच्या हरीश साळवे यांनी, एक रुपया फी घेऊन.

पाकिस्तानचं म्हणणं होतं की हेराला हे कलम लागूच होत नाही. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की कलमात असा अपवाद नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, भेट द्या, असं बजावलं. मात्र शिक्षा रद्द करून त्यांना परत पाठवा, ही भारताची मागणी मान्य केली नाही. फाशी टळली, पण सुटका झालेली नाही. या न्यायालयाकडे ना पोलीस, ना तुरुंग. तेवढ्या बळावर एक फाशी थांबली, हे मला तरी थोडं वाटत नाही.

आता आपल्या अमेरिकेचं पाहा. २००४ मध्ये याच न्यायालयाने मेक्सिकोच्या ५१ कैद्यांच्या बाबतीत अमेरिकेने हेच कलम मोडल्याचं ठरवलं. त्यांतला एक होसे मेदेयिन. गुन्हा भयंकरच होता, दोन शाळकरी मुलींचा खून. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हेगचा निकाल टेक्सासवर आपोआप बंधनकारक होत नाही. ऑगस्ट २००८ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. त्याआधीच, २००५ मध्ये, असे वाद हेगकडे नेण्याच्या व्यवस्थेतून अमेरिका बाहेर पडली होती. कायद्याच्या राज्याचे धडे जगाला देणाऱ्या देशाला हे शोभलं नाही.

तरीही मूळ करार इथे लागू आहे. स्टुडंट व्हिसा, एच-वन, ग्रीन कार्ड, काहीही असो, पासपोर्ट भारताचा असेल तर हा हक्क तुमचा आहे. अमेरिकन नागरिक झालात, तर ओसीआय कार्डावर तो मिळत नाही. कॉन्सुलेट तुम्हाला सोडवून आणणार नाही, पण वकिलांची यादी देईल, भेटायला येईल, गावाकडे आईवडिलांना कळवेल. फक्त हे आपण मागावं लागतं, कारण पोलीस सांगायला विसरतात. कॉलेजात शिकायला आलेल्या भाच्या-पुतण्यांना एवढं वाक्य पाठ करून घ्या: 'आय वॉन्ट टू कॉन्टॅक्ट द इंडियन कॉन्सुलेट.' आणि कॉन्सुलेटचा नंबर पाकिटात कागदावर लिहून ठेवायला सांगा. फोन आधी काढून घेतात.