आधी ऐकायला शिका, मग बोलायला
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सभागृहात येताना एका पालकांनी मला दारातच गाठले. म्हणाले, "सर, मुलगी रेडिओचे यंत्र मागते आहे. दुकानदार चाळीस हजारांचे दाखवतो. घेऊ का?" त्यांचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. त्यांना दिलेले उत्तरच आपल्यापुढे मांडतो.

या यंत्राला 'सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ' म्हणतात. जुन्या रेडिओत स्टेशन निवडण्याचे आणि आवाज वेगळा काढण्याचे काम कॉइल, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर करीत. एका कामासाठी बांधलेले सर्किट दुसरे काम करीत नसे. नव्या प्रकारात हवेतील लहरींचे आकडे बनवले जातात आणि पुढचे सारे काम संगणकावरील प्रोग्रॅम करतो. प्रोग्रॅम बदलला की तेच यंत्र आता एफएम रेडिओ, तर घटकेत विमानांचे संदेश वाचणारे उपकरण होते.

यातील सर्वांत स्वस्त साधन म्हणजे आरटीएल-एसडीआर. मुळात हे संगणकावर टीव्ही पाहण्याचे उपकरण. त्यातील चिप लहरींचे कच्चे आकडे बाहेर देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी अभ्यासकांच्या ध्यानात आले आणि विद्यार्थ्यांचे भाग्य उघडले. चांगला नमुना तीन-चार हजार रुपयांच्या आसपास मिळतो. सुमारे २४ ते १७०० मेगाहर्ट्झपर्यंत तो ऐकतो आणि एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा दाखवतो. जीएनयू रेडिओसारखे प्रोग्रॅम फुकट आहेत.

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे साधन फक्त ऐकते, बोलत नाही. लहरीची उंची ते ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांत मोजते. त्यामुळे शेजारच्या जोरदार एफएम केंद्रापुढे दुबळा संदेश दबून जातो. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील केंद्रे त्याच्या टप्प्याखाली येतात. ती ऐकण्याची सोय काही सुधारित नमुन्यांतच असते.

परंतु शिकण्यासाठी एवढे पुष्कळ आहे. विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली उंची आणि ठिकाण कळवीत असतात. त्यासाठी जेमतेम सात सेंटिमीटरची तार अँटेना म्हणून पुरते. ती सात सेंटिमीटरच का, हे मुलाने गणिताने काढले की तरंगलांबीचा धडा त्याला जन्मभर विसरता येत नाही. जुन्या पुस्तिकांत नोआच्या १५, १८ आणि १९ या उपग्रहांकडून ढगांची चित्रे घेण्याचा प्रयोग दिलेला असतो. ते तिन्ही उपग्रह २०२५ साली बंद करण्यात आले, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची चित्रे त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळतात.

आता महागड्या यंत्रांविषयी. हॅकआरएफ वन १ ते ६००० मेगाहर्ट्झपर्यंत चालते, ऐकते आणि बोलतेही; पण दोन्ही एकाच वेळी नाही आणि पायऱ्या त्याच २५६. ॲनालॉग डिव्हाइसेस कंपनीचे प्लूटो ३२५ ते ३८०० मेगाहर्ट्झपर्यंतच चालते, मात्र त्यात १२ बिट, म्हणजे ४०९६ पायऱ्या आहेत आणि ते एकाच वेळी ऐकते व बोलते. इंजिनिअरिंगला गेलेल्या विद्यार्थ्याला संदेश पाठवणे आणि घेणे दोन्ही शिकायचे असेल, तर माझ्या मते प्लूटो अधिक उपयोगी.

पण हवेत संदेश सोडण्याला कायदा आहे. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, तो आधी काढावा. तोवर पाठवणारे टोक आणि ऐकणारे टोक केबलने जोडून प्रयोग करावेत. मध्ये ३० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावायला विसरू नये, नाहीतर ऐकणारा भाग जळू शकतो. आणि ऐकतानाही दुसऱ्याच्या खाजगी बोलण्याला कान लावू नये.

एक अनुभव सांगतो. मी एका प्रयोगशाळेत काम करीत असताना तिथे लाखाच्या वर किमतीचे यंत्र आले. बिघडेल या धास्तीने ते कपाटात कुलूपबंद राहिले. तीन वर्षांत एकाही विद्यार्थ्याचा हात त्याला लागला नाही. त्या यंत्राने कोणाला काय शिकवले? ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, ती वस्तू शिकवीत नाही.

म्हणून त्या पालकांना मी म्हणालो, "भाई, तीन-चार हजारांचे घ्या. पाच-सातशे रुपये चांगल्या केबलला आणि तारेला ठेवा. घरातला जुना संगणक चालेल. वर्षभर मुलगी रोज त्यावर बसली, तर पुढचे यंत्र मागण्याचा तिला हक्क आहे." संस्थेलाही माझी विनंती आहे. चाळीस हजारांच्या एका यंत्राऐवजी अशी दहा यंत्रे घ्यावीत आणि पुस्तकांप्रमाणे ग्रंथालयातून घरी न्यायला द्यावीत. एखादे बिघडेल; पण दहा घरांत रात्री कोणीतरी तार कापून, मोजून, पुन्हा जोडीत बसलेले असेल.