तिसऱ्या मजल्यावरची बादली

(मंदिराच्या ज्येष्ठ मंडळींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



निवृत्तीनंतर रिकामा बसवेना, म्हणून लंडनमधल्या आमच्या फ्लॅट्सच्या मागच्या बागेत मी सगळ्यांसाठी कंपोस्टचा डबा ठेवला. महिन्याभरात असा वास सुटला की तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. चूक माझीच. सालं, देठ, चहाचा चोथा, सगळं ओलंच टाकत गेलो. हवा खेळायला जागाच नव्हती. मग एक बादली ओल्या कचऱ्यामागे दोन बादल्या सुकी पानं आणि फाडलेला पुठ्ठा घालू लागलो, आठवड्यातून एकदा हलवू लागलो. वास गेला. वर्षाच्या आत काळंभोर, भुसभुशीत खत हाती आलं.

आपल्या घरचं निर्माल्यही यात चालतं, फक्त दोरा, तार, प्लास्टिक काढा. चहाच्या पिशव्यांत बरेचदा प्लास्टिक असतं, म्हणून त्या फाडून नुसता चोथा टाका. शिजवलेलं अन्न मात्र नको, उंदीर येतात. ते कौन्सिलच्या अन्नकचऱ्याच्या डब्यात टाका. इंग्लंडमध्ये घरोघरचा असा कचरा कौन्सिलनं दर आठवड्याला वेगळा उचलावा, असा नियम ३१ मार्च २०२६ पासून आहे.

डॉक्टर म्हणून एक सांगतो. कंपोस्टमध्ये लिजिओनेला जातीचे जिवाणू असू शकतात. क्वचित, पण त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो, आणि आपल्या वयात तो जड जातो. हातमोजे आणि मास्क घाला, डबा उघडताना तोंड लांब ठेवा, नंतर साबणानं हात धुवा. दमा किंवा छातीचा जुना आजार असेल, तर ढीग दुसऱ्याला हलवू द्या.

आता खरं सांगायचं ते. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. त्यांच्या परवानगीनेच सांगतो आहे. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, म्हणून दर शनिवारी त्यांची बादली मी खाली आणतो. मेथीचे देठ, दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, नेहमीचं. मागच्या हिवाळ्यात सलग तीन शनिवार बादलीत फक्त चहाचा चोथा होता. विचारलं, तर "बरी आहे हो, डॉक्टर." मी हट्टानं जीपीकडे नेलं. वजन सहा किलोंनी उतरलं होतं. काका गेल्यापासून एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढत होत्या. मी आयुष्यभर पेशंटना "जेवता ना वेळेवर?" विचारत आलो, आणि सगळे "हो" म्हणत आले.

आता बुधवारी आणि रविवारी काकू आमच्याकडे जेवतात, आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगतात. बादलीत पुन्हा मेथीचे देठ दिसू लागले आहेत.

म्हणून विनंती. आपापल्या इमारतीत शनिवारचा एक तास द्या. ज्यांना जिना झेपत नाही, त्यांची बादली खाली आणा, आणि दारात दोन मिनिटं थांबा. जे एकटे आहेत त्यांनी संकोच न करता मंदिराच्या कार्यालयात नाव द्या. आपण येऊ.