विरोधाचा वारा

खळ्यावर मळणी झाली म्हणजे शेतकरी वाऱ्याची वाट पाहतो. वारा पडलेला असेल तर उफणणी होत नाहीं. दाणा व भूस एकाच राशींत राहतात. माणसाच्या श्रद्धेचेंही असेंच आहे. अनुकूल दिवसांत तिच्यांत दाणा किती व भूस किती, हें ज्याचें त्यालाही कळत नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. स्वदेशांतील पुष्कळांस तें रुचलें नाहीं, यांत नवल नव्हतें. परंतु त्यांचा पहिला मोठा वाद झाला तो नव्यानें आपल्या झालेल्या चर्चमधील वडीलधाऱ्यांशीं. चेल्टनहॅम येथें असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें, याला बिशपांनीं हरकत घेतली. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीं त्यांना शंका होत्या. त्यामुळें आश्रय देणाऱ्या धर्मभगिनी चिंतेंत पडल्या. रमाबाईंनीं पत्रांतून निर्भीडपणें उत्तरें दिलीं. आपली विवेकबुद्धि त्यांनीं कोणाकडेही गहाण ठेविली नाहीं.

१८८९ सालच्या मार्चमध्यें मुंबईस शारदा सदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. येथें धर्मप्रसार होणार नाहीं, असें आश्वासन होतें. म्हणूनच न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनीं सल्लागार म्हणून पाठिंबा दिला. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. कांहीं मुली आपण होऊन तेथें जाऊन बसत. यावरूनच वादळ उठलें. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली. १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले व पालकांनीं अनेक मुली परत नेल्या.

श्रोतेहो, पालकांची भीति निराधार होती, असें म्हणतां येत नाहीं. विश्वासानें सोपविलेली मुलगी परधर्मांत जाईल कीं काय, ही चिंता कोणत्याही आईबापांस वाटेल. उलट, कोणावर सक्ति करावयाची नाहीं, पण स्वतःची प्रार्थनाही लपवावयाची नाहीं, ही रमाबाईंची बाजूही प्रामाणिक होती. दोन्हींकडे तथ्य असतें, तेव्हांच विरोध फार झोंबतो.

या वाऱ्यांत काय उडालें व काय राहिलें? थोरांचा आधार गेला, शहरांतील मान गेला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांना उमगलें होतें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाहीं; १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं तसें लिहिलें आहे. त्यानंतर जो विश्वास लाभला, त्याचा कस १८९३ सालीं लागला. रमाबाई डगमगल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून त्यांनीं शेंकडों निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगांवास मुक्तिसदन उभें राहिलें. ही संस्था उघडपणें ख्रिस्ती होती; जुन्या आक्षेपास कारण झालेली संदिग्धता तेथें उरली नाहीं. पुढें हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं मृत्यु येण्यापूर्वीं तें काम पुरें झालें.

विरोध झाला म्हणजे आपलेंच खरें, असें मात्र नव्हे. शत्रूवरही प्रीति करावी, असें येशूनें सांगितलें. त्याचें म्हणणें नीट ऐकून घेणें ही त्या प्रीतीची पहिली पायरी होय. घरांत, कचेरींत वा मंडळींत कोणी आडवें आलें, तर त्याच्या बोलण्यांत न्याय किती हें आधीं पाहावें. न्याय असेल तेवढा पदरांत घ्यावा, आणि मग राग न धरतां आपल्या जागीं उभें राहावें. वारा थांबल्यावर खळ्यावर जें उरतें, तेंच शेतकरी घरीं नेतो.