संगणकाच्या वेगाचा उतारा



गोंदिया हे तांदळाच्या गिरण्यांचे गाव. तेव्हा उतारा म्हणजे काय, हे इथे मी सांगायला नको. सरकारी हिशेबात क्विंटलभर धानाला साधा तांदूळ ६७ किलो धरतात. पण उतारा एकट्या गिरणीचा असतो काय? धानाची ओल, वाण, रबरी रोलांमधली फट, या सर्वांचा तो असतो. एकाने वाळलेले धान भरडावे, दुसऱ्याने ओले, आणि पहिल्याने आपली गिरणी श्रेष्ठ म्हणून फलक लावावा, तर आपण हसू. संगणकाचा असा फलक मात्र आपण मुकाट्याने मानतो.

डेटाबेस म्हणजे नोंदींचे दप्तर. सेकंदाला किती नोंदी होतात, ही त्याची कसोटी. आता मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. एकच कारकून नोंदी करीत असेल, आणि एक नोंद तबकडीवर खरोखर उतरल्याखेरीज दुसरी घ्यायची नाही असा दंडक असेल, तर सेकंदाला सुमारे १२० नोंदी होतील. कारण लिहिण्याची जागा फिरून येईपर्यंत थांबणे भाग असते. तिथे कोणी पाच हजारांचा आकडा दाखवला, तर समजावे की नोंद तात्पुरत्या स्मृतीतच राहिली आहे. त्या स्मृतीला बॅटरीचा आधार असेल तर ठीक. नाहीतर वीज गेली की शेतकऱ्याची नोंदही गेली! आणि वीज जाण्याविषयी या सभेत मी अधिक बोलत नाही.

कंपायलर हा यंत्राचा दुभाषी. आपली आज्ञावली तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. चुका पकडण्याच्या जादा तपासण्या ठेवून उतरवली, तर ती मंद चालते. वेगाची सूचना देऊन उतरवली, तर तीच झपाट्याने चालते. मूळची एक ओळही बदललेली नसते. अर्थात माहिती स्मृतीत मावत असेल तरच हा फरक डोळ्यांत भरतो. तबकडीची वाट पाहत बसलेल्या यंत्राला चपळ दुभाषी काय कामाचा? १९८९ च्या ‘स्पेक’ कसोट्यांतली ‘मॅट्रिक्स ३००’ तर कंपायलरांनी इतकी सोपी करून टाकली, की १९९२ च्या संचातून ती वगळावी लागली. मोजायला निघाले यंत्र, मोजला गेला दुभाषी.

१९८८ साली स्थापन झालेल्या टी.पी.सी. परिषदेच्या कसोट्यांत आकड्यासोबत यंत्राची मांडणी आणि किंमतही उघड करावी लागते. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. आपल्या एखाद्या सहकारी संस्थेने यंत्र घेताना विक्रेत्याला विचारावे : स्मृती किती होती, नोंदी किती होत्या, त्या तबकडीवर उतरत होत्या काय, कंपायलरला कोणत्या सूचना दिल्या होत्या? मग धानखरेदीच्या ऐन हंगामातल्या एका दिवसाच्या नोंदी त्याच यंत्रावर चालवून पाहाव्यात, आणि मध्येच एकदा वीज बंद करावी.