राष्ट्राची बुद्धी आणि तिसरीचा वर्ग



आजचा विषय फळ्यावर लागल्यापासून चारदोन मित्रांनी आम्हांला वाटेत गाठून विचारले, "काय हो, भारताची सरासरी बुद्धी ८१ आहे म्हणतात, हे खरे का?" विचारणाऱ्यांत एक डॉक्टर होते, एक वकील होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता. बाकीच्या लोकांविषयी आम्हांला ही शंका पूर्वीपासूनच होती, असाच काहीसा भाव होता! सरासरी ही मोठी सोयीची वस्तू आहे. तिच्या खाली नेहमी दुसराच कोणीतरी असतो.

हा ८१ चा आकडा आला कोठून, ते आधी पाहू. २००२ साली रिचर्ड लिन आणि टाटू वानहानेन या दोघांनी राष्ट्रांची बुद्धी व राष्ट्रांची संपत्ती यांची सांगड घालणारे एक पुस्तक काढले. त्यात १८५ देशांपुढे एकेक बुद्ध्यंक लिहिलेला आहे. ब्रिटन म्हणजे १००, आणि त्या मापाने आपण ८१. मौज अशी की, या १८५ पैकी चाचण्यांची काही माहिती ग्रंथकारांच्या हाती होती ती अवघ्या ८१ देशांची. उरलेल्या १०४ देशांचे आकडे शेजारच्या देशांवरून अंदाजाने बसवलेले. घरमालक बाहेरगावी गेला असता शेजाऱ्याला तराजूत बसवावे आणि मालकाचे वजन लिहून मोकळे व्हावे, त्यातलाच हा प्रकार. जेथे माहिती होती तेथेही ती कोठे लहानशा गटावरची, कोठे फार जुनी. २०२० साली मानवी वर्तन व उत्क्रांती यांचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय विद्वानांच्या संघटनेने हे राष्ट्रवार आकडे वापरू नयेत असे निवेदनच काढले.

येथे आमचे वकील मित्र समाधानाने मान डोलावतील आणि आकडा खोटा म्हणून फाईल बंद करतील. आम्ही ती बंद करू देणार नाही. घटकाभर धरून चाला की, आकडा खरा आहे. मग त्याचा अर्थ काय?

हॉलंडचे उदाहरण घ्या. तेथे सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांना वर्षानुवर्षे एकाच धर्तीची चाचणी देत असत. न्यूझीलंडचे प्राध्यापक जेम्स फ्लिन यांनी ते जुने निकाल तपासले, तेव्हा १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत गुण सुमारे वीस अंकांनी चढलेले आढळले. म्हणजे १९८२ ची मोजपट्टी १९५२ च्या डच जवानांना लावली, तर त्यांचा सरासरी अंक ऐंशीच्या आसपास येतो. आपल्या नावावर लिहिलेल्या आकड्याच्या अगदी शेजारी! आता तीस वर्षांत काही डच लोकांचे रक्त पालटले नाही. मुले अधिक वर्षे शाळेत राहिली, घरे लहान झाली, खाणे सुधारले, आणि चित्रांतली, आकृत्यांतली कोडी सोडवण्याची नजर सर्वांना आली. यांत कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर पंडितांचे वाद चालू आहेत. शाळेपुरते मात्र बरेच स्पष्ट झाले आहे. २०१८ साली सहा लाखांहून अधिक लोकांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा शाळेच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे बुद्ध्यंक एक ते पाच अंकांनी वाढतो असे दिसले. आपल्या देशात १९५१ साली शंभरांत अठराच माणसे साक्षर होती, हे येथे लक्षात असू द्यावे.

या चाचण्यांचा जन्मही शाळेतच झाला. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले, सर्व थरांतली मुले वर्गात आली, आणि काही मुले मागे पडू लागली. त्यांना हुडकून काढावे कसे, हा प्रश्न सरकारने १९०४ साली एका समितीपुढे ठेवला. त्यातून आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमों यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची एक मालिका रचली. हेतू एवढाच की, अडलेले मूल सापडावे आणि त्याला वेगळी मदत मिळावी. बुद्धी ही जन्मतःच कायमची ठरलेली वस्तू आहे, असे म्हणणाऱ्यांवर बिने चिडत असत. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण आणि संयम यांचे व्यायाम सुचवले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळसुद्धा त्यांत होता. १९११ साली ते वारले. पुढे त्यांची चाचणी समुद्रापार गेली, आणि मदतीला कोण पात्र, हे विचारणारे साधन कोणाला दाराबाहेर ठेवावे, हे सांगू लागले.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी त्या चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी नवे रूप तयार केले व त्यावर १९४० साली पुस्तक प्रसिद्ध केले. बिने-कामत चाचणी या नावाने ती दवाखान्यांतून अजून वापरली जाते. नुसते भाषांतर करून चालले नसते, हे त्यांनी ओळखले. आपल्या मुलांना प्रश्न विचारायचे तर आपल्या मुलांवर ते आधी पारखून घेतले पाहिजेत. काम कष्टाचे, आणि त्याचा गवगवा कधीच झाला नाही.

आता बाजारात चला. २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्ली येथल्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले त्यांनी पाहिली. गिऱ्हाईक बनून जायचे आणि मुद्दाम अडनिडे माप मागायचे. वीस रुपये किलोचे बटाटे आठशे ग्रॅम, पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे ग्रॅम. हातावर दोनशेची नोट ठेवायची. मूल तोंडी हिशेब करते, सदतीस रुपये, आणि एकशे त्रेसष्ट परत देते. कागद नाही, पेन्सिल नाही. बहुतेक सगळी मुले यात बिनचूक निघाली. त्याच मुलांना पाटीवरचा तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचा साधा भागाकार घातला, तेव्हा तो जेमतेम ३२ टक्क्यांना आला. उलट, बाजार न पाहिलेली शाळेतली मुले पुस्तकी उदाहरणांत पुढे, पण दुकानातल्या हिशेबात अडखळली.

हे वाचले तेव्हा आम्हांला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आठवली. पंतोजींच्या छडीचा आम्ही पुरस्कार करीत नाही, पण त्या पाठांतरात बाजार आणि शाळा एका पाटीवर होती. नवी नाणी आणि नवी मापे आली, पावकी गेली, जाणारच होती. तिच्या जागी त्या दोघांना जोडणारे दुसरे काही आपण आणले नाही, एवढेच.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. आठवडेबाजाराच्या दिवशी तो गैरहजर असायचा, कारण बापाच्या शेंगदाण्याच्या पाटीवर तो बसे. गुरुजी त्याला 'ढ' म्हणत, आम्हीही म्हणत असू, आणि पुढे तोही स्वतःला तसेच म्हणू लागला. सातवीनंतर तो दिसला नाही. त्याची बुद्धी कोणी मोजली असती तर जो अंक आला असता, तो राष्ट्राच्या सरासरीत जाऊन बसला असता.

म्हणून, श्रोतेहो, तो अंक खोटा आहे असे म्हणून आम्हांला सुटता येत नाही. भागाकार न येणे ही खरीच उणीव आहे आणि तिची किंमत त्या मुलाने मोजली.

ग्रामीण भारतात दरवर्षी-दोन वर्षांनी घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावणारी 'असर' नावाची पाहणी २००५ पासून चालू आहे. तिसरीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा किती जणांना वाचता येतो? २०१८ साली २७.३. मग महामारीत शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ साली हा आकडा २०.५ वर उतरला. २०२४ साली तो पुन्हा २७.१ झाला. ही पाहणी बुद्धीची नव्हे, वाचनाची आहे. तरी चार वर्षांत मुलांचे मेंदू सुकले आणि पुढल्या दोन वर्षांत ते पुन्हा टवटवीत झाले, असे कोणी म्हणणार नाही. शाळेला कुलूप लागले आणि शाळेचे कुलूप निघाले. कुलूप निघूनही शंभरांतली त्र्याहत्तर मुले उताऱ्याबाहेरच आहेत, हे मात्र आपल्या गावातही तितकेच खरे असेल, अशी आम्हांला भीती वाटते.

यावर एक साधा उपाय ठिकठिकाणी करून पाहिलेला आहे. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता, कोणाला अक्षर येते, कोणाला शब्द, कोणाला वाक्य, असे करावयाचे आणि रोज तास-दोन तास तेथून पुढे शिकवायचे. त्याला मोठे शास्त्री लागत नाहीत. वाचता येणारी, धीराची माणसे लागतात. आपल्या नगरपालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आज सभेला आल्या आहेत, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ज्यांना आठवड्यातून तीन दिवस तासभर देता येईल, त्यांनी सभा संपताच बाईंपाशी नाव नोंदवावे. आमचे नाव पहिले आहे. डॉक्टर आणि वकील मित्रांचेही लिहून घेतले आहे, ते त्यांना अद्याप ठाऊक नाही.